एक नंबरचं चॅनेल

आजारपणात सासऱ्यांची वाचा गेली, उजवा हात गेला. डाव्या हातातला रिमोट मात्र सुटला नाही. त्यातूनच त्यांनी बोलायची वाट काढली. पाच नंबरला स्वयंपाकाचं चॅनेल होतं. ते लागलं की भूक. हवामान लागलं की खिडकी उघडायची. कुस्ती लागली की पाय चेपायचे. आणि समुद्रातले मासे दिसू लागले, की सुनेने हातातलं काम टाकून त्यांना बाथरूमकडे न्यायचं. उशीर झाला तर माशांचा आवाज वाढायचा.

एकदा वाऱ्याने गच्चीवरची डिश हलली आणि चित्र गेलं. सुनेने वर जाऊन ती सरळ केली, खाली येऊन टीव्हीच्या बॉक्सला चॅनेल नव्याने शोधायला लावली. पहिल्यापेक्षा जास्त सापडली, म्हणून बाई खूश. पण बॉक्सने सगळ्यांचे नंबर बदलून टाकले, हे तिच्या लक्षातच आलं नाही.

सासऱ्यांनी पाच दाबलं. कुस्ती लागली. सून तत्परतेने तेलाची वाटी घेऊन आली. त्यांनी पाय ओढून घेतला आणि पुन्हा पाच दाबलं. पुन्हा तेच पैलवान. ती आणखी जोरात चेपू लागली. भुकेल्या माणसाचे पाय चेपायचे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! शेवटी त्यांनी रिमोट उशीखाली सारला आणि भिंतीकडे तोंड केलं.

जेवणाच्या वेळी ताट समोर आल्यावर ते ज्या घाईने जेवले, त्यावरून तिच्या डोक्यात प्रकाश पडला. नशिबाने एकदा त्यांची वाचा नेली होती, दुसऱ्यांदा आपण नेली, असं वाटून तिला रडूच आलं. नवरा म्हणाला, चॅनेल तर वाढलीत, मग रडतेस कशाला? त्याला वडिलांची ही भाषा येतच नव्हती.

मग ती पलंगापाशी बसली. एकेक चॅनेल लावायची, सासरे बोटांनी जुना नंबर दाखवायचे, ती ते तिथे बसवायची. माशांच्या वेळी त्यांनी इतक्या घाईने बोटं दाखवली, की आधी त्यांना तिकडे नेऊन आणावं लागलं.

एक नंबर तेवढा रिकामा राहिला.

"इथे काय ठेवू, बाबा?"

त्यांनी तिच्याकडे बोट केलं.

"माझं कसलं आलंय चॅनेल?"

त्यांनी रिमोट घेतला आणि शोधत शोधत एका बातम्यांच्या चॅनेलवर थांबले. तिथली बाई श्वासही न घेता बोलत होती. सासऱ्यांचा अर्धा चेहरा हसला. तिने फुरंगटल्यासारखं केलं, पण ठेवलं तेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक नंबर लागला. सून हात पुसत धावत आली. भूक लागली? पाय दुखतायत? प्रत्येक प्रश्नाला नकार. उत्तर येत नाही म्हणून घरातल्या सगळ्यांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं. ही एकटी बोलत राहिली होती. त्यांनी टीव्ही बंद केला आणि पलंगाजवळची खुर्ची डाव्या हाताने थोपटली.

तिने गॅस बंद केला, येऊन बसली आणि सकाळपासून काय काय झालं ते सांगायला लागली.