अडथळा असल्यास वर्णन

दगडावरचं नाव अडीच इंच उंचीच्या अक्षरांत आहे, नावाखालचा मजकूर अर्ध्या इंचाच्या. दोन पावसाळ्यांत दगड नऊ इंच खचला. मजकूर जमिनीखाली गेला, नाव वर राहिलं. मी पट्टी लावून मोजलं आहे.

मुलुंडच्या या मोकळ्या जागेवरचा हा चौथा दगड. पहिला १९५० साली बसला. त्यावर 'उद्यान' कोरलं आहे. दुसऱ्यावर 'क्रीडांगण'. तिसऱ्यावर पुन्हा 'उद्यान'. चौथ्यावर, भांडण मिटावं म्हणून, 'उद्यान व क्रीडांगण'. दर वेळी नारळ फुटला, पेढे वाटले, आणि बाग करायची की मैदान हा विषय पुढच्या सभेवर गेला. सात वर्षांत इथे झालेलं बांधकाम म्हणजे हे चार दगड. तीन कडेला आहेत. चौथा, फोटो चांगला यावा म्हणून, बरोबर मधोमध.

तिथेच रत्नप्रभाच्या संघातल्या मुली खो-खो खेळतात. रत्नप्रभा माझी जुनी विद्यार्थिनी. वडील गिरणीत, ती स्वतः पेन्सिलींच्या कारखान्यात. गेल्या महिन्यात पाठलाग करताना त्यांच्यातल्या कुंदाचा गुडघा दगडावर आपटला. तीन टाके पडले. त्यातच स्पर्धेच्या मंडळाचं पत्र आलं. रविवारी पंच येऊन मैदान बघणार. अडथळा दिसला तर संघाचं नाव यादीतून कायमचं कमी.

शुक्रवारी जागेच्या समितीची सभा होती. मी समितीत आहे. विज्ञान शिकवते म्हणून मापं, आणि बाई आहे म्हणून चहा, अशी दोन कामं माझ्याकडे.

"दगड नुसता कडेला नेला तरी चालेल, साहेब," रत्नप्रभा म्हणाली.

"कडेला?" अध्यक्ष नंदकिशोर पाठारे खुर्चीत मागे रेलले. "अगं पोरी, कोनशिला आहे ती! उद्या म्हणशील, देवळाचा कळस उतरवा, पतंग अडकतो."

सगळे हसले.

"कळसावर कुणाचा गुडघा फुटत नाही ना, साहेब."

आता कुणी हसलं नाही. चिटणीस अनंतरावांनी वही चाळली. "आधी बाग की मैदान ते ठरू दे. मग दगडाचं बघू."

"मग ठरवा की!"

"पुढच्या सभेत."

"ती कधी?"

"तेही ठरायचंय."

रत्नप्रभाने माझ्याकडे पाहिलं. मी चहाचे कप बाजूला केले आणि पंचांचा छापील अर्ज टेबलावर ठेवला. मापं भरायला तो माझ्याकडेच आला होता. लांबी एकशे अकरा फूट, रुंदी एक्कावन्न. त्याखाली एक रकाना होता: 'अडथळा असल्यास वर्णन'. तोही मी भरला होता.

नंदकिशोररावांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "अडथळा: श्री. नंदकिशोर पाठारे, अध्यक्ष." ते थांबले. "हे काय, मृणालिनीबाई?"

"दगडावर एवढंच वाचता येतं."

"कोनशिला म्हणून लिहा ना!"

"तो शब्द जमिनीखाली आहे. जे दिसत नाही ते कसं लिहू?"

"आणि हा कागद जातो कुठे?"

"मंडळाकडे. तिथून सगळ्या संघांना प्रती. घाटकोपर, अंधेरी, बोरिवली."

"फळ्यावर लावतात," रत्नप्रभा म्हणाली. "दाराशीच. वर्षभर असतो."

अनंतरावांना चहाचा ठसका लागला. तो बराच वेळ थांबेना.

नंदकिशोररावांनी तो रकाना पुन्हा वाचला, या वेळी मनात. मग अर्ज उलटा करून ठेवला.

"अनंतराव, ठराव लिहा."

"कशाचा, साहेब?"

"ही जागा मैदान आहे." मग रत्नप्रभाकडे न बघता ते म्हणाले, "उद्या सकाळी तो दगड काढा. नारळ मी आणतो."