स्वच्छ होज धुणारी माणसं

मित्रांनो, कल्याणच्या आमच्या फायर स्टेशनच्या मागे एक नळ आहे. त्या नळाखालच्या लांब ओट्यावर मळकट, जागोजागी ठिगळं लावलेला कॅनव्हासचा पाइप पसरलेला दिसतो ना, तो मी. मी एक जुना होज आहे. पन्नास फूट लांबी, दोन्ही टोकांना पितळी जोड, आणि अंगात आता फारसा दम नाही. मला विचाराल तर मी केव्हाच निवृत्त व्हायला हवं होतं. इथल्या माणसांना ते मान्य नाही. का मान्य नाही तेच आज सांगणार आहे, पण सावकाश सांगेन, कारण मी थकलो आहे.

एकोणीसशे ब्याऐंशी साली मी इथे आलो. कुठल्याशा गिरणीत जाड सुतानं मला गोल विणलं होतं. आत रबर नाही, अस्तर नाही, नुसतं सूत. त्यामुळे पहिलं पाणी आत शिरलं की माझ्या सगळ्या अंगातून थेंब फुटायचे. नवा जवान घाबरून जायचा, होज फाटला असं सांगत सुटायचा. मग सूत फुगायचं, बारीक भोकं बुजायची आणि मी घट्ट व्हायचो. जुनी माणसं त्या नव्या जवानाची आठवडाभर फिरकी घ्यायची.

कामाचं म्हणाल तर मी पुष्कळ पाहिलं. लाकडाच्या वखारी पाहिल्या, गवताच्या गंजी पाहिल्या. बाजारातल्या मिरचीच्या गोदामाला आग लागली तेव्हा आमचं अख्खं स्टेशन तीन दिवस शिंकत होतं. दसऱ्याला बंबाबरोबर मलाही झेंडूचा हार मिळायचा. चौदा एप्रिलला अग्निशमन दिनाची परेड असायची, तेव्हा साहेब पाहुण्यांना माझे पितळी जोड कौतुकानं दाखवायचे. कौतुक कोणाला नको असतं?

पण माझी खरी नोकरी आग विझल्यावर सुरू व्हायची. मी सुताचा. ओला, चिखलाचा तसाच गुंडाळून ठेवला तर मला बुरशी धरते आणि मी कुजतो. म्हणून आगीच्या प्रत्येक वर्दीनंतर मला धुवावंच लागायचं. दोन जवान ओट्याच्या दोन बाजूंना बसायचे, हातात एकेक ब्रश. फूट फूट घासत पुढे सरकायचे, मला उलटा करायचे, परत मागे यायचे. मग मला उंच टॉवरवर टांगून वाळवायचे. धुण्यात तासभर सहज जायचा, आणि त्या तासात माणसं बोलायची.

सुरुवात चहापासून व्हायची, नाहीतर साहेबांच्या नकलेपासून. दहा-पंधरा फूट झाले की आवाज खाली यायचा. शिडीवर पाय कसा लटपटला, धुरात कोणाचा हात हाताला लागला, घरी गेल्यावर भात का गिळवला नाही, असं सगळं निघायचं. माझ्या अंगावरची राख उतरायची तसं त्यांचंही काही उतरायचं. मी ऐकून घ्यायचो. मला दुसरं करता तरी काय येणार होतं!

आमचे लीडिंग फायरमन दाजी हे ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले. जाळं धुण्यात त्यांचं लहानपण गेलेलं. धुताना जवानांना बोलतं ठेवायची रीत त्यांचीच. ते म्हणायचे, "जालं धुताना कोन कोनाच्या तोंडाकडं बघत नाय. म्हनून बोलनं होतं." एरवी मनाचं दुखणं काढायची सोय आमच्याकडे नव्हती. झोप लागत नाही असं कोणी म्हटलं की दुसरा लगेच म्हणायचा, ठाण्याला पाठवा रे याला. तिथल्या मनोरुग्णालयामुळे आपल्या गावाचं नाव असं वेड्यांसाठी वापरलेलं ऐकलं की दाजींच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

त्र्याण्णव साली नवे होज आले. लालभडक, आतून रबराचे, वजनाला हलके. ते कुजत नाहीत. पाण्याचा एक फवारा मारला, गुंडाळले, ठेवले की झालं. मी त्यांच्यावर जळलो, हे कबूल करतो. पण त्यांचा काही दोष नाही, ते काम चांगलं करतात. मला मोडीत काढायचा कागद तयार झाला आणि तो मंजूर होईपर्यंत मला टॉवरवर टांगून ठेवलं. तिथे कबुतरं माझ्या अंगावर बसायची. खाली माणसं वर्दीवरून यायची, दोन मिनिटांत होज गुंडाळायची आणि चहा घेऊन टीव्हीपुढे बसायची. ओटा कोरडा पडला. आपलं काही हरवलंय असं कोणालाच वाटलं नाही. मलासुद्धा आपण फक्त एक होज होतो असंच वाटत होतं.

आता भगवानची गोष्ट सांगतो. भगवान आमच्यातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा जवान. सकाळी फाटकातूनच सगळ्यांना जयभीम करत आत यायचा. चौदा एप्रिल हा तर त्याचा दुहेरी सण, सकाळी परेड आणि संध्याकाळी बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक. दोन्हीकडे तो पुढे असायचा.

पंचाण्णवच्या मार्चमध्ये गावाबाहेरच्या एका दुमजली इमारतीला आग लागली. वरच्या मजल्यावर शिलाईचं काम चालायचं. बाकीच्या बायका वेळेवर खाली आल्या, एक वर अडकली. भगवान पुढच्या बाजूनं शिडीवर चढून खिडकीचे गज कापत होता. गज तुटेपर्यंत धुरानं ती गेली. मी त्या दिवशी टॉवरवरच होतो. हे सगळं मला नंतर कळलं.

त्यानंतर भगवान गप्प झाला. जयभीम नाही, नकला नाहीत. त्या वर्षी तो परेडलाही उभा राहिला नाही आणि मिरवणुकीलाही गेला नाही. साहेबांनी सुट्टी घे म्हटलं, त्यानं घेतली नाही. बाकीच्यांनी त्याला एकटं सोडलं. त्यांना वाटलं, हीच माया.

एप्रिलच्या शेवटी त्याची बायको कांता डबा द्यायच्या निमित्तानं आली आणि टॉवरखाली दाजींना गाठून बोलली. भगवान झोपत नाही, जेवणावरून उठून जातो, मोरीत नळ सोडून तासभर नुसता बसतो. राजीनामा लिहून ठेवलाय, सोमवारी देणार आहे. परवा पुलावर कितीतरी वेळ वाकून उभा होता, शेजाऱ्यानं हाताला धरून घरी आणला. एवढं सांगून ती म्हणाली, "नोकरी गेली तर जाऊ दे दाजी. माणूस राहू दे."

दाजींनी तिला दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे त्याला डॉक्टरकडे ने, लाजू नकोस. दुसरी गोष्ट, उद्याचा दिवस मला दे. ती गेल्यावर ते बराच वेळ वर माझ्याकडे बघत उभे राहिले. कबुतरांची दया आली असेल, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दोर सोडून मला खाली उतरवलं. भगवानला हाक मारली आणि म्हणाले, "चल रे, होज धुवाचा हाय."

"हा तर साफ आहे, दाजी."

"मना दिसतं. धू."

समोरच्या बाजूला त्यांनी देवरामला बसवलं. देवराम हाही त्या आगीला गेलेला जवान, आणि तोही त्या दिवसापासून कमी बोलत होता. दाजी स्वतः नळापाशी जाऊन बसले. पाणी आलं. दोन वर्षं कोरडा पडलेलो मी, सगळीकडून गळायला लागलो. ते दोघे मला घासत होते. स्वच्छ होज पुन्हा घासताना दोन धडधाकट माणसं किती वेडी दिसतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. पंधरा फूट झाले, वीस झाले, कोणी बोलेना. पहिली फेरी संपली. दाजी म्हणाले, उलटा करा. त्यांनी मला उलटा केला.

परतीच्या वाटेवर, माझ्या मधल्या ठिगळापाशी, भगवान मान खाली घालूनच बोलला.

"ती मला विचारत होती, मागून जाऊ का. मागे जिना आहे बोलली. मी बोललो, नका जाऊ, तिथंच थांबा, आलोच." त्याचा ब्रश एकाच जागी घासत राहिला. "ती थांबली. माझं ऐकलं तिनं. गेली असती तर वाचली असती."

देवरामचा हात थांबला. तो म्हणाला, "मागून कुठून जाणार होती? जिना होता कुठे?"

भगवान घासतच राहिला. देवराम पुढे म्हणाला,

"मी मागच्या बाजूला गेलेलो. आम्ही पोचलो तेव्हाच लाकडी जिना खाली पडून जळत होता. वरचं दार पेटलेलं. ती मागे गेली असती तर त्यातच गेली असती. तू तिला थांबवलंस म्हणून तिला निदान खिडकी तरी मिळाली."

"माझ्यासाठी खोटं बोलू नको."

देवरामनं पँटचा पाय वर ओढला. पोटरीवर भाजल्याचा लांब डाग होता. "त्याच जिन्याची फळी बाजूला करायला गेलेलो," तो म्हणाला.

भगवाननं तो डाग नीट पाहिला आणि विचारलं, "सहा आठवडे झाले. बोलला का नाहीस?"

"मला वाटलं तुला माहीत असेल. साहेबांच्या रिपोर्टमध्ये आहे ना. आणि मलाही कोणी काही विचारलं नाही."

मित्रांनो, तो रिपोर्ट साहेबांच्या कपाटात होता. ओट्यावर बसायची रीत चालू असती तर ही गोष्ट त्याच संध्याकाळी वीस फुटांच्या आत निघाली असती. सहा आठवडे दोघं एकाच टीव्हीपुढे शेजारी बसले, आणि एकाकडे दुसऱ्याचं औषध होतं. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. भगवान तिथेच, ब्रश हातात धरून, मोठ्यानं रडला. देवराम त्याच्याकडे न बघता माझा तोच फूटभर भाग घासत राहिला. दाजींनी नळ बंद केला नाही.

एका धुण्यात माणूस बरा होत नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा मी, पुन्हा ब्रश. कांतानं त्याला डॉक्टरकडेही नेलं, आणि ठाण्याचा विनोद करणाऱ्याला दाजींनी चांगलं फैलावर घेतलं. राजीनाम्याचा कागद साहेबांपर्यंत गेला नाही. भगवान आता पुष्कळ बोलतो, पण कोणी हाक मारली तर 'आलोच' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. तेवढं राहिलंय. मोडीच्या यादीतून माझं नाव कोणी काढलं ते मला ठाऊक नाही, मला फक्त संशय आहे.

दाजी निवृत्त होऊन कोळीवाड्यात गेले. आता सगळं बंद होणार असं मी धरून चाललो होतो, आणि खरं सांगायचं तर थोडा सुखावलोही होतो. मग गेल्या ऑगस्टमध्ये शहाडजवळ उल्हास नदीत दोन बहिणी बुडाल्या. त्यांना बाहेर काढून देवराम दुपारी परत आला. कोणाशी न बोलता ओल्या कपड्यांनीच टीव्हीच्या खोलीकडे निघाला. भगवाननं त्याला अडवलं नाही, काय झालं असंही विचारलं नाही. त्यानं मला ओट्यावर पसरलं, नळ सोडला, एका बाजूला स्वतः बसला आणि दुसऱ्या बाजूला एक ब्रश ठेवला. देवराम दारात बराच वेळ उभा होता. मग आला आणि ब्रशपाशी बसला. त्या दिवशी त्यांनी मला तीनदा धुतलं.

तुमच्याही घरी कोणी असं काम करत असेल. बंबावर, रुग्णवाहिकेवर, पोलिसात, नाहीतर इस्पितळात. ते एखाद्या दिवशी गप्प होऊन घरी आले तर समोर उभं राहून काय झालं, काय झालं असं करू नका. मटार सोलायला घ्या, गादीची खोळ घाला, सायकल पुसायला काढा. त्यांना एक बाजू द्या, दुसरी तुम्ही धरा. आणि बोलणं सुरू झालं की तुमचा हात थांबू देऊ नका.

राहता राहिलो मी. प्रत्येक धुण्यात माझं सूत विरळ होतं, ते मला कळतं. नवे साहेब चांगले आहेत. माझे पितळी जोड चकाकवून मला काचेच्या कपाटात ठेवावं, असं ते परवाच म्हणाले. तिथे मी आणखी पन्नास वर्षं सहज टिकेन. थकलेल्या माणसाला असं काही ऐकून मोह होतो, मलाही झाला. पण साहेबांना कोणीतरी सांगा, मला एवढं जपू नका. मी कोरडा कपाटात बसलो तर देवराम कुठे बसेल?