काळ्या पिशवीतला रिपोर्ट

मी एक जुनी पिशवी आहे, मित्रांनो. मोडक्या छत्रीच्या काळ्या कापडाची. कळव्याच्या हेमाताईंनी मला डबल शिलाई मारून शिवलं. छातीठोक सांगते, माझ्यात ठेवलेलं कधी हरवत नाही. निदान आज सकाळपर्यंत तरी हरवलं नव्हतं.

मानपाड्याला संचिताकडे आले तेव्हा मी भाजी आणायचे. टोमॅटोसुद्धा चेपत नाही म्हणून माझं कौतुक व्हायचं. मग माझ्यात तिचे रिपोर्ट आले आणि भाजी बंद झाली.

तिला तीनदा दिवस गेले. तीनदा तिसऱ्या महिन्यात पडलं. सासूबाईंकडे, म्हणजे हौसाबाईंकडे, दर वेळी कारण तयार. आधी पपई. मग रिक्षाचे धक्के. तिसऱ्या वेळी मी. "काळी पिशवी घेऊन जातं का गं कोणी अशा कामाला?"

डॉक्टर देवयानी म्हणाल्या, "पपईही नाही, धक्केही नाहीत. एकदा पडलं तर बहुतेक वेळा गर्भ घडतानाच काहीतरी चुकलेलं असतं. तीनदा पडलं तर शोधायचं. थायरॉईड, शुगर, रक्तात गुठळ्या होतात का, गर्भपिशवीचा आकार. आणि दोघांची गुणसूत्रं."

"माझं रक्त कशाला?" तिचा नवरा सर्वेश म्हणाला. "पोटात तर हिच्या होतं ना?"

"अर्धं तुमचंच होतं."

संचिताने मला मांडीवर घट्ट धरलं. "मॅडम, माझं काय चुकलं, एवढंच कळू दे."

तिचे सगळे रिपोर्ट चांगले आले. 'पिशवी उत्तम,' असं डॉक्टर म्हणाल्या तेव्हा मीही जरा फुगले. सर्वेशचा रिपोर्ट शेवटी आला. मला घेऊन तो एकटाच आणायला गेला. रिक्षात वाचला. त्याच्या दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांनी जागा बदललेल्या. वारंवार गर्भपाताचं हे कारण असू शकतं, डॉक्टरांना भेटा, असं खाली लिहिलेलं. त्याने घडी घालून तो माझ्या तळाशी सारला.

घरी संचिता आंघोळीला गेलेली.

"काय निघालं रे?" हौसाबाईंनी विचारलं.

"पिशवीतच दोष आहे, आई," बूट काढत तो म्हणाला आणि मोबाईल घेऊन गॅलरीत गेला.

"बघ! मी पहिल्यापासून सांगतेय!"

मित्रांनो, पिशवी फेकण्याआधी एकदा आत हात घालून बघत जा.

खाली घंटागाडी उभी होती. हौसाबाईंनी मला स्वतः नेऊन टाकलं. वर संचिता आता न्हाणीतून बाहेर येईल आणि तिलाही सांगतील, दोष पिशवीत आहे.

पुढच्या बिल्डिंगपाशी कोणीतरी माझ्यावर पपईची सालं ओतली.