आजोळी गेलेली मुलगी

सोमवारी सकाळी धुळ्यातल्या आपल्या दवाखान्यात डॉ. दिपमाला सतरंजीवर मांडी घालून बसली होती. समोर तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळे रचत होती. उशिरा चालणारी, न बोलणारी, नजर न देणारी मुलं तपासण्यात दिपमालाची चौदा वर्षं गेली होती. खुर्चीत बसून मूल कळत नाही, असं ती म्हणे. गावोगावच्या शिबिरांत तिचं सांगणं एकच असे: मूल लपवू नका, गेलेली वेळ कोणताही डॉक्टर परत आणत नाही.

तिने मुलीच्या पाठीमागे खुळखुळा वाजवला. मुलगी वळली नाही.

"हाक मारी तरी वळीसन दखस नही, बाई," मुलीची आजी बेबाबाई म्हणाली. "तुम्हना भाऊनी धाकली पोर शे ना, तशीच ही बी."

दिपमाला हसली. "दुसऱ्या कुणाची असेल, अक्का. माझी भाची आजोळी असते, साक्रीला."

"कुंदनभाऊ, गिरणीवाला ना? मी त्याच गल्लीमा ऱ्हास…" बोलता बोलता बेबाबाईच्या लक्षात आलं, आपण नको ते बोलून बसलो. तिने पदराचं टोक तोंडाशी धरलं.

दिपमालाने तिच्या नातीची तपासणी पुरी केली, कानाच्या चाचणीची चिठ्ठी दिली. बाकीच्या पेशंटना दुसऱ्या दिवशी बोलावलं आणि भावाच्या गावी, चाळीसगावला जायला गाडी काढली.

हर्षाली ही तिच्या थोरल्या भावाची, चेतनाच्या पाठीवर फार उशिरा झालेली दुसरी मुलगी. दिपमालाने तिला तीन महिन्यांची असताना मांडीवर घेतलं होतं. मग टाळेबंदी आली, आणि ती उठल्यावर 'सारिकावहिनीच्या आईला करमत नाही म्हणून पोर आजोळी ठेवली' असं कळलं. दिवाळीला जावं तर हर्षाली साक्रीला, राखीला जावं तर साक्रीला. वाढदिवसाचे फोटो मात्र न चुकता मोबाईलवर येत. केकसमोर हसणारी, गालावर खळी पडणारी पोर. फोटोत बहिरेपण दिसत नाही.

घराला लागूनच कुंदनची पिठाची गिरणी होती. दिपमाला न सांगता मागच्या दाराने शिरली. धान्याच्या खोलीत, पोत्यांच्या आडोशाला, सहा वर्षांची हर्षाली भिंतीला दोन्ही तळहात लावून उभी होती. पलीकडे गिरणी सुरू होती आणि तिची घरघर ती हातांनी घेत होती. दिपमालाने कोपऱ्यातलं ताट उचलून जमिनीवर आपटलं. स्वयंपाकघरातून सारिकावहिनी धावत आली. पोर जागची हलली नाही.

"किती दिवसांपासून माहीत आहे?" दिपमालाने विचारलं.

सारिका खाली बसली. "सव्वा वर्षाची होती, तेव्हापासून."

गिरणी बंद करून कुंदन आला. मागोमाग आई, सुंदरबाई.

"दिपू, आधी ऐकून घे. चेतनाचं जमत आलंय. घरात मुकी आहे कळलं, तर चेतनाच्या पोटीही तशीच होईल म्हणतात लोक. रविवारी पाहुणे येताहेत. लग्न होऊ दे, चार महिन्यांनी मी स्वतः तिला तुझ्याकडे आणतो."

"गेल्या साली याच गावात तू माझं शिबिर भरवलंस, भाऊ. मला हार घातलास. तेव्हा ही कुठे होती?"

कुंदन बाह्यांवरचं पीठ झटकू लागला.

"याच खोलीत," सारिका म्हणाली. "बाहेरून कडी होती."

दिपमाला आईकडे वळली. नात्यागोत्यांशी भांडून तिला डॉक्टर करणारी ती हीच आई. त्या शिबिरात ती पहिल्या रांगेत बसली होती, लेकीच्या भाषणाला टाळ्या वाजवत.

"माय, तू तरी सांगायचंस."

"तुन्हाच करता गप ऱ्हायनू, पोरी," सुंदरबाई म्हणाली. "लोके म्हणतीन, दुन्याना पोरे बरा करस आनि सोताना घरमाच मुकी शे. तुन्हं नाव खराब व्हतं."

दिपमाला पोत्यावर टेकली. परक्यांनी फसवलं असतं तर ती भांडली असती. इथे भांडायचं तरी कुणाशी? आणि सहा वर्षांत एकदाही वाट वाकडी करून ती साक्रीला का गेली नव्हती? शिबिरांना वेळ होता, भाचीला नव्हता.

एवढ्यात चेतना जिन्यावरून खाली आली. एम.एस्सी. करणारी, शहाणी पोर. इकडच्या रीतीप्रमाणे ती आत्याला फुई म्हणे. हिला तरी कळेल, म्हणून दिपमालाने आशेने पाहिलं.

"फुई, चारच महिने," चेतना रडत म्हणाली. "माझ्यासाठी एवढं कर ना."

त्या शब्दांनी दिपमालाचं उरलंसुरलं बळ गेलं. पण सारिका मात्र उठली. तिने दोरीवरचे हर्षालीचे दोन फ्रॉक ओढले, पिशवीत कोंबले.

"दोन वर्षांपूर्वी मी हिला घेऊन तुमच्या दवाखान्यापर्यंत आले होते, ताई. आत गावातलं माणूस दिसलं आणि मागे फिरले. आता नाही फिरणार." तिने मुलीचा हात धरला. कुंदन दारात आडवा उभा होता. सारिका त्याच्याकडे बघत राहिली. शेवटी तोच बाजूला झाला.

दुसऱ्या दिवशी धुळ्यात चाचणी झाली. दोन्ही कान जवळजवळ पूर्ण बंद. वर्षा-दोन वर्षांची असताना कानात यंत्र बसवायचं ऑपरेशन झालं असतं तर आज ती शाळेत कविता म्हणत असती. आता त्या ऑपरेशनची आशा फारच थोडी होती, आणि हे दिपमालाला रिपोर्ट वाचण्याआधीच ठाऊक होतं. तिने सारिकाला काहीही न लपवता सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात दोघींना घेऊन ती कर्णबधिर मुलांच्या शाळेत गेली.

तिथल्या बाईंनी हर्षालीला समोर बसवलं. स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मग आपल्या नावाची खूण केली. एकेक मूल पुढे येऊन आपापली खूण दाखवून गेलं. मग बाईंनी हर्षालीच्या खळीत हलकेच बोट फिरवलं आणि तिच्याकडे बोट दाखवलं. हर्षाली गोंधळली. पुन्हा तेच. एकाएकी तिचे डोळे मोठे झाले. तिने स्वतःच्या खळीत बोट फिरवलं, छातीवर हात मारला, धावत आईकडे गेली आणि तेच करत राहिली. मग आत्याकडे, मग दारातल्या शिपाईबाईकडे. प्रत्येक माणसाला एक नाव असतं, आणि आपल्यालाही आहे, हे तिला सहाव्या वर्षी कळलं होतं.

दिपमाला व्हरांड्यात गेली. तिला तिथे हुंदका आवरला नाही.

संध्याकाळी आईचा फोन आला. "पाव्हना रविवारले घर उनात नि उठी गयात. बठ्ठा गावमा बभ्रा व्हयना. व्हयनं तुन्हं समाधान?"

"माय, हर्षालीला आज नाव मिळालं."

सुंदरबाई म्हणाली, "नाव तं आम्ही बाराव्या दिनलेच ठेयेल व्हतं."

"ठेवलं होतं, माय," दिपमाला म्हणाली. "तिच्यापर्यंत पोचू दिलं नाही."