चौथ्या मजल्याची काच

"थांब!"

"आता काय झालं?"

"वळण आहे."

"दिसतंय मला. काल आपण माप घ्यायला आलो तेव्हाही वळण इथंच होतं. चल!"

माणसापेक्षा उंच अशी ती खिडकीची काच चौथ्या मजल्याच्या अलीकडे जिन्याच्या वळणावर अडली होती. वरच्या टोकाला ती, खालच्या टोकाला तो. दुकानात तिला भिंगरी म्हणत आणि त्याला दगडोबा. काचेच्या दुकानात दगडोबा, हा विनोद तिनंच तो कामावर आला त्या दिवशी केला होता. त्याला हसू आलं दुसऱ्या दिवशी.

मोजणं त्याचं, कापणं तिचं. तो खिडकी पुन्हा पुन्हा मोजायचा, ती हिऱ्याची कलम एकदाच ओढायची. कापताना हात अडखळला की काच वाकडी फुटते, आणि दगडोबाचा हात तर बुटाची नाडी बांधतानाही अडखळायचा. असं काम करता करताच दोघांचं जमलं आणि गोष्ट लग्नापर्यंत आली.

आज सकाळी ताईनं त्यावर पाणी फिरवलं. ताई म्हणजे भिंगरीची थोरली बहीण आणि दुकानाची मालकीण. स्वभाव जुळतात का ते तपासणाऱ्या कुणा बाईंकडून तिनं प्रश्नांचे कागद आणून सगळ्यांना भरायला लावले होते. निकाल आला. एक उतावळी, एक संथ. ही जोडी कामावर नको, घरात तर नकोच नको.

"सोमवारपासून हा गोदामात," ताई म्हणाली. "आणि लग्नाचं नाव काढायचं नाही. वर्षभरात एकमेकांच्या उरावर बसाल."

दगडोबानं मान हलवली. नकाराची नाही, होकाराची!

माणसं बरणीत भरून वर चिठ्ठी चिकटवणाऱ्यांची मला चीड आहे. त्यांनी जन्मात कधी दुसऱ्याच्या जोडीनं जड वस्तू जिन्यावरून चढवलेली नसते.

"अहो, किल्ली सापडेना!" वरून आजींचा आवाज आला. काच त्यांच्याच खिडकीची होती. त्यांनी दाराला आतून कुलूप लावून घेतलं होतं. "थांबाल ना जरा?"

"थांबायला आमच्याकडे खास माणूस ठेवलाय, आजी!" भिंगरी ओरडली.

एवढी काच जिन्यात आडवी टाकता येत नाही. खालची कड दोघांच्या बुटांवर टेकवून, हातांनी तोल सांभाळत ते उभे राहिले. ती काचेच्या या अंगाला, तो त्या. आता तिला तरातरा निघून जाता येईना आणि त्याला गुपचूप निसटता येईना.

"मान का हलवलीस?"

त्यानं काचेवरची पकड बदलली.

"बुटावर काच आहे म्हणून वाचलास. नाहीतर..."

"ताईंचं काय चुकलं?" तो म्हणाला. "परवा तूच म्हणालीस, तुझ्याबरोबर मी जिन्यातच म्हातारी होईन."

म्हणाली होती. आणि ते खोटं नव्हतं. त्याच्या गप्प बसण्यानं तिचा जीव गुदमरायचा. निकालातलं निम्मं तर ती स्वतःच कधी ना कधी बोलून बसली होती.

"मी बोलते ते बोलते. तू उलट का बोलत नाहीस?"

"मला शब्द सापडेपर्यंत तू पुढच्या भांडणावर गेलेली असतेस."

तिला फिसकन हसू फुटलं. काच थरथरली.

"हलू नकोस!"

"बरं. मग शोध आता. आजींना किल्ली सापडेपर्यंत मी तोंड उघडणार नाही."

आणि खरंच तिनं उघडलं नाही. वर आजी कपाटं उघडत होत्या, डबे आपटत होत्या. भिंगरीच्या दंडांना कळ लागली. जिभेवर दहा वाक्यं आली, ती तिनं दातांखाली धरली. पलीकडे त्याच्या कपाळावरचा घाम भुवईत उतरला. आजवर तिनं कुणाची एवढी वाट पाहिली नव्हती.

"मी मोजलेलं तू कापलं नाहीस," शेवटी तो म्हणाला, "तर त्या नुसत्या रेघा. गोदामात बसून रेघा मारीन मी. आणि लग्न... ते मला हवंय. खूपदा मोजलंय मी."

"किती भरलं?"

"दर वेळी तेवढंच."

भिंगरीनं मान खाली घातली आणि उगाचच बुटांकडे बघत राहिली.

"हे ताईला सांग," ती म्हणाली.

"तू सांग. पटकन सांगशील."

"मी भांडेन. तू सांग. कितीही वेळ लागू दे. मी शेजारी उभी राहते, गप्प."

"जमेल?"

"आत्ता जमलं की!"

"सापडली गं बाई! पदरालाच होती!" वर कुलूप खडखडलं.

काच वर गेली आणि चौकटीत अलगद बसली. आजींनी तिच्यातून बाहेर पाहिलं आणि विचारलं, "मग, काच कधी बसवताय?"

उतरताना हात रिकामे होते. तरी दोघं सवयीनं तेवढंच अंतर ठेवून उतरत होती, मधे काच असल्यासारखी. ती पुढे, तो मागे. खाली रस्त्यापलीकडे दुकान होतं आणि दुकानात ताई.

वळणावर भिंगरी न सांगता थांबली.

दगडोबा तिला ओलांडून दोन पायऱ्या खाली उतरला, हात मागे केला आणि म्हणाला, "चल."