हाराचा फोटो आणि दोन बोटं

हाराचा फोटो चालणार नाही, असं पायल म्हणाली आणि मी हातातला उंडा परातीत टाकून दिला.

मी काही जगावेगळं मागितलं नव्हतं. यंत्राची सगळी माहिती इंटरनेटवर जाणार, कुठले कुठले लोक ती वाचणार. मग ज्या माणसानं ते यंत्र केलं त्याचा एक बरा फोटो वर लावायचा की नाही? तालुक्याच्या शेतकरी मेळाव्यात यांना शाल आणि हार घातला होता, तो फोटो. त्यात यांचे डोळे अर्धवट मिटलेत, पण केस विंचरलेले आहेत आणि सदऱ्याला तेलाचा डाग नाही. तसा फोटो यांचा दुसरा नाही. लग्नाच्या फोटोत तर हे पोलिसानं धरून आणल्यासारखे दिसतात.

"आई, हाराचा फोटो पाहून कोनाले मशीन बनवता येते काय?" पायल म्हणाली. "ज्याच्यानं मशीन बनवता येते, चालवता येते, बिघडली त नीट करता येते, तेवढंच आत. बाकी सारं बाहेर."

"आन् बोटं गेल्याची गोष्ट? थे वाचून बनते काय मशीन?"

"मशीनचं तोंड एवढं लांब काहून हाय, थे समजते."

पायल माझी सून. उमरखेडची, बीएस्सी झालेली. मी तिसरीतून शाळा सोडली, तरी या घरात शेवटचा शब्द माझा असतो. हे तिला लग्न झाल्या वर्षीच कळलं होतं. कळलेलं पाळायचंही असतं, हे मात्र तिला माहेरी कोणी सांगितलेलं दिसत नाही.

आमच्या यांचं आर्णीत यवतमाळ रोडला वेल्डिंगचं दुकान. भीमराज वेल्डिंग म्हटलं की ऑटोवाला बरोबर आणून सोडतो. जन्मभर खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं, बंडीचे आस, हेच केलं. दिवसभर तो निळा उजेड पाहून यांचे डोळे लाल व्हायचे, तेव्हा बटाट्याच्या चकत्या कापून मी डोळ्यांवर ठेवायची. भाजीला बटाटा उरायचा नाही, मी बोलायची, हे चकत्यांखालून हसायचे.

मग गुलाबी अळीचं ते वर्ष आलं. बोंडं बाहेरून गोमटी आणि आत किडीनं खाल्लेली. कापूस गेला तो गेलाच, पण वाळलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, शेतात उभी ठेवली तर अळी तिच्यात दडून पुढच्या साली पुन्हा येते म्हणे. दुकानापुढं बसलेले शेतकरी हेच बोलायचे. जाळावी तर जमीन भाजते, ठेवावी तर अळी. हे ऐकत राहायचे. एक दिवस कडबा कापायच्या यंत्रासारखं एक धूड यांनी उभं केलं. आत फिरणारी पाती, बाजूला इंजिनाचा पट्टा, पुढं पऱ्हाटी सारायला पत्र्याचं तोंड. दुसऱ्या बाजूनं भुगा पडतो, तो खताला चालतो.

पहिल्या यंत्राचं तोंड वीतभर होतं. एक फांदी अडकली, यांनी ती हातानं लोटली, आणि उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं अर्ध्यातून गेली. यवतमाळच्या दवाखान्यात मी खाटेजवळ रडत बसले होते. शुद्धीवर आल्यावर हे मला म्हणाले, "तोंड आखूड झालं." बोटं गेली असं नाही. तोंड आखूड झालं.

पुढच्या यंत्राला यांनी तोंड दोन हात लांब केलं. खांद्यापर्यंत हात घातला तरी पात्याला लागत नाही.

आमचा मुलगा धम्मदीप पुण्याला कॉम्प्युटरच्या कामावर आहे. त्याचं म्हणणं पडलं की हे यंत्र ओपन सोर्स करू. म्हणजे नकाशा, मापं, सगळं उघडं ठेवायचं. ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं, बनवावं, सुधारावं आणि सुधारलेलं पुन्हा सगळ्यांना सांगावं. पैसा कोणी द्यायचा नाही, कोणी घ्यायचा नाही. मी विचारलं, मग चूल काय इंटरनेटवर पेटते? तेव्हा हे पहिल्यांदा मधे बोलले. "चुलीचा आकार कोनाच्या बापाचा हाय? मले वेल्डिंग शिकवली त्यानं कधी पैसे मागतले काय?" माझ्या आईच्या वेळी आमच्या लोकांना गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते, ती कुणाच्या तरी दयेची वाट पाहत घागर घेऊन बसायची. तेव्हा उघडं ठेवणं मला कळत नाही असं कोणी समजू नये. मीही हो म्हणाले.

नकाशे धम्मदीपनं चढवले. लिहायचं काम पायलकडे आलं, कारण ती इथं, यंत्र इथं आणि हे इथं. महिनाभर ती दुकानात स्टूल टाकून बसायची आणि यांना विचारायची. हे खिळा दाखवायचे, पट्टी दाखवायचे, ती लिहायची. काय आत घ्यायचं आणि काय गाळायचं यावर मात्र माझी आणि तिची रोज जुंपायची. यांना विचारलं की हे म्हणायचे, मापं बरोबर टाका, बाकी तुमचं तुम्ही पाहा.

बोटांची गोष्ट मला नको होती. लोहाराची चूक लोक विसरतात, पण ज्याचं यंत्र मालकालाच खातं त्याच्याकडून फाटक कोण करून घेईल? आणि दुसरंही होतं, ते मी पायलला सांगितलं नाही. विहारात वंदनेला हात जोडले की यांच्या डाव्या हाताची दोन बोटं समोर जोडीदार नसल्यासारखी उभी राहतात. जो माणूस आधी पुढच्या ओळीत बसायचा, तो आता मागं खांबाजवळ बसतो. मला वाटतं वस्तीतल्या कोणालाच ते उमगलेलं नाही. मला उमगलंय.

"आई, आपन रोज पंचशील म्हनतो," पायल म्हणाली. "खोटं बोलनार नाही म्हनतो."

"मी खोटं लिवाले सांगतलं काय व? नोको लिवू म्हनलं."

शेवटी तडजोड झाली. मी हाराचा फोटो सोडला, तिनं बोटांची गोष्ट सोडली. म्हणजे तिनं ती लिहिली नाही. पानावर एवढंच गेलं की तोंडाची लांबी दोन हात ठेवावी. खाली दुकानाचा फोन नंबर. दोन दिवस पायल माझ्याशी मोजकं बोलली. मी मुद्दाम तिच्या आवडीची झुणका-भाकर केली. तिनं खाल्लं, पण चांगलं झालं म्हणाली नाही.

पुढं पऱ्हाटी काढायच्या दिवसांत एका दुपारी फोन वाजला. हे तोंडावर काच धरून वेल्डिंग करत होते, म्हणून मी उचलला. उमरखेडकडच्या एका तांड्यावरून खेमसिंग राठोड नावाचा माणूस बोलत होता. मोठा आनंदात होता. इंटरनेटवरचं वाचून त्यानं यंत्र केलं, चार जणांच्या शेतातली पऱ्हाटी त्यावर निघाली, भीमराजभाऊंना माझा नमस्कार सांगा म्हणाला. माझी छाती ही एवढी झाली. मग तो म्हणाला, एक सुधारणा पण केली, ती तुमच्या पानावर टाका. पत्रा महाग झाला आहे, तर त्यानं तोंड कापून वीतभर ठेवलं. आता पऱ्हाटी झपाझप जाते. बायकोच सारते, ती पाहा, आताही सारते आहे. फोनमधून मला ते घरघर ऐकू येत होतं.

"बंद कर," मी म्हणाले. "आंधी बंद कर, मंग बोल."

त्याला वाटलं फोनच बंद करायला सांगते. मी ओरडले नाही, पण ज्या आवाजात मी घरात एकदाच सांगते त्या आवाजात सांगितलं. घरघर थांबली. मग मी त्याला वीतभर तोंडाचं काय झालं ते सांगितलं. अडकलेली फांदी, उजवा हात, दवाखाना. हे सगळं मी तोवर कोणालाही तोंडानं सांगितलं नव्हतं.

मागं त्याची बायको त्यांच्या बोलीत काहीतरी विचारत होती, यंत्र का थांबवलं म्हणून असेल.

"याडी," तो म्हणाला. त्यांच्यात आईला याडी म्हणतात. "हे लिवलं काहून नाही?"

मला असा जाब जन्मात कोणी विचारला नाही. सासूनं नाही, वस्तीतल्या बायकांनी नाही. त्या खेमसिंगनं विचारला, आणि तोही आई म्हणून.

"आज लिवून राह्यली," मी म्हणाले. त्यानं संध्याकाळच्या आत तोंड पुन्हा लांब करतो म्हणून शब्द दिला.

फोन ठेवून मी यांच्याजवळ गेले आणि सांगितलं. यांनी काच बाजूला ठेवली, वेल्डिंगचं बटन बंद केलं, आणि आधी विचारलं ते त्या बाईच्या हाताचं. ठीक आहे म्हटल्यावर खाली बसले. पायल स्टुलावर होतीच. तिनं नुसतं ते पान उघडलं. मी तिच्या जागी असते तर बोलले असते, आणि चांगलं दोन दिवस पुरेल इतकं.

"लिह्य," हे तिला म्हणाले. "तोंड आखूड होतं, बोटं गेली. तेच लिह्य, पयल्या ओळीत."

पायलनं लिहायला घेतलं. मग थांबली. नाव घालू की एका कारागिराची बोटं गेली असं लिहू, म्हणून विचारलं. ते तिनं माझ्याकडे पाहून विचारलं.

"कारागिराची कायची?" मी म्हणाले. "माया नवऱ्याची हायेत बोटं. नाव टाक."

तिनं नाव टाकलं. मग म्हणाली, शब्द वाचायला लोक कंटाळतात, यंत्राच्या तोंडाजवळ हात ठेवलेला एक फोटो पाहिजे, उजवा. यांनी हाताकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"हे कोन कोन पाहीन?"

"कोनीही, बाबा. जगातलं कोनीही."

"आर्णीचेही?"

"आर्णीचेही."

हे उठले. मागच्या नळावर गेले. कपड्यांच्या साबणाची पूड हातावर घेतली आणि काळं तेल काढायला लागले. अंगठ्याचं नख काडीनं साफ केलं, मग करंगळीचं, मग तिच्याजवळच्या बोटाचं. उरलेली दोन जिथं संपतात तिथंही यांनी पूड लावली, आणि डाव्या हाताच्या बोटांनी सावकाश, चारी बाजूंनी चोळून ती जागा धुतली. मी टॉवेल घेऊन उभी होते. आटपा लवकर असं म्हणायची मला सवय आहे, पण मी म्हणाले नाही.