निवडणुकीपर्यंत दुकान बंद

ते साल एक्क्याण्णव. त्या वर्षी नगरपालिकेने बस डेपोकडे जाणारा रस्ता रुंद करायचं ठरवलं, आणि रस्ता रुंद करायचा म्हणजे उजव्या हाताची दुकानांची ओळ पाडायची हेही ओघानेच ठरलं. डाव्या हाताला मोठ्या लोकांचे बंगले होते, त्यामुळे त्या बाजूलाही जागा आहे हे मोजणाऱ्यांच्या लक्षातच आलं नाही.

त्या ओळीत कोपऱ्याला वहिनीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक खोली. पुढे फळी, मागे उंच स्टूल आणि तिन्ही भिंतींना छतापर्यंत मांडण्या. मांडण्यांवर पोट उघडलेल्या इस्त्र्या, पाती काढलेले पंखे, भांड्याविना बसलेले मिक्सर. प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी: ‘खोकणारे काका’, ‘पिवळं दार’, ‘घाई करणारी बाई’. आत शिरलं की जळक्या तांब्याचा वास नाकात बसायचा तो घरी जाऊन आंघोळ केल्यावरच जायचा. दुकान मुळात वहिनीच्या नवऱ्याचं, म्हणजे ताईच्या भावाचं. तो अचानक गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता कुलूप लागणार. पण त्याच्या शेजारी बसून वहिनी सगळं शिकली होती. तिने शटर वर केलं आणि स्टूल पुढे ओढलं. ताई फळीवर बसून गिऱ्हाइकं सांभाळू लागली. नणंद आणि भावजय, दोघींचं घर त्या एका खोलीवर चालत होतं. खोली गेली की घर गेलं, इतका सरळ मामला होता.

वॉर्डाच्या नगरसेवकाला सगळे ‘बघतो’ म्हणत. काहीही सांगायला जा, तो मान हलवून म्हणायचा, “बघतो.” गटार तुंबलं, बघतो. दिवा गेला, बघतो. दुकानवाले त्याच्याकडे जाऊन आले तेव्हाही तेच म्हणाला, आणि बघत असतानाच रस्त्याच्या ठरावावर हात वर करून मोकळा झाला.

निवडणूक तोंडावर होती. ओळीतले सगळे किल्लीवाल्याच्या दुकानात जमले. बघतोच्या विरुद्ध आपल्यातलं कुणीतरी उभं राहायचं, यावर एकमत झालं. कुणी, यावर मात्र सगळ्यांना आपापली दुखणी आठवली. किल्लीवाल्याची कंबर, घड्याळवाल्याचं बोलताना अडखळणं, चपलावाल्याचे सासरे. शेवटी सगळे वहिनीकडे बघायला लागले.

“प्रत्येक घरात तुमचा हात लागलाय, वहिनी,” किल्लीवाला म्हणाला. “तुम्हाला कोण नाही म्हणणार?”

वहिनी म्हणाली, “मला भाषण येत नाही.”

“त्यालाही येत नाही,” ताई म्हणाली. “तो एकच शब्द बोलतो. तू दोन बोल.”

अर्ज भरून झाला आणि ताई सल्ला विचारायला ‘माजी’कडे गेली. हे गृहस्थ पूर्वी एकदा नगरसेवक झाले होते आणि नंतर सहजासहजी न विसरता येण्याइतक्या वेळा पडले होते. त्यांना खरं नाव होतं, पण पत्रंसुद्धा ‘माजी’ म्हणून यायची. ते अंगणात खुर्चीला रंग देत बसले होते.

“कोण उभं राहतंय? मिक्सरवाली?” त्यांनी ब्रश थांबवला. “मग आज संध्याकाळी दुकान बंद करायचं. मतदान होईपर्यंत उघडायचं नाही.”

“दुकान बंद? लोक चिडतील की!”

“चिडू दे. चिडलेला माणूस घराबाहेर पडतो, खूश असलेला पंख्याखाली झोपतो.” त्यांनी खुर्चीचा पाय वळवून बघितला. “आणि घरोघरी जाल तेव्हा तिचे हात जोडलेले पाहिजेत. काही उघडायचं नाही, काही दुरुस्त करायचं नाही. टेस्टर घरी ठेवा.”

“अहो, पण तीच तर तिची ओळख आहे!”

“तेच म्हणतोय. उपयोगाच्या माणसाला लोक मत देत नाहीत, जपून ठेवतात. मी निवडून आलो तेव्हा काय करत होतो, ठाऊक आहे? काहीच नाही. दुसऱ्यांदा उभा राहिलो तेव्हा लोकांचे अर्ज फुकट लिहून देत होतो. पडलो. मला कळायला फार वर्षं लागली, तुला मी उभ्या उभ्या सांगतोय. हात जरा लांब ठेव, रंग ओला आहे.”

ताईला हे अर्धं पटलं आणि अर्धं म्हातारपण वाटलं. घरी येऊन तिने वहिनीला सांगितलं. वहिनी ऐकत होती, पण हातात कुणाची तरी इस्त्री उघडलेली होती.

“दुकान बंद ठेवलं तर पिवळ्या दाराचा पंखा कधी द्यायचा? त्यांच्याकडे लहान बाळ आहे.”

“बाळाला मत नाही!”

“पण उकडतं ना,” वहिनी म्हणाली. तिथे तो विषय संपला.

प्रचाराच्या पहिल्याच संध्याकाळी ताईच्या डोक्याला ताप सुरू झाला. पत्रकांचा गठ्ठा घेऊन दोघी डेपोमागच्या इमारतीत शिरल्या आणि वरून सुरुवात करायची म्हणून चौथ्या मजल्यावर गेल्या. पहिलं दार उघडलं ते चौथ्या मजल्याच्या मावशींनी. या मावशी म्हणजे इमारतीचं वर्तमानपत्र. त्यांना कळलं की जिन्याला कळायचं.

“अगं बाई, वहिनी! साक्षात! या, या. तुम्हीच निवडून येणार, लिहून ठेवा. बरं, आलाच आहात तर हा मिक्सर जरा बघता? दोन नंबरवर घरघर करतो.”

ताईने पत्रक पुढे केलं. “मावशी, रस्त्याच्या ठरावाबद्दल—”

“हो हो, ठेव तिथे टेबलावर.”

तोवर वहिनी जमिनीवर बसलीसुद्धा होती. पदर खोचलेला, मिक्सर मांडीवर पालथा. शेजारच्या दाराला कळलं, तिथून इस्त्री आली. खालून कुणी टॉर्च पाठवला. दोघी बाहेर पडल्या तेव्हा इमारतीतली बाकीची दारं तशीच राहिली होती, आणि खालच्या रस्त्याने बघतोचा टेम्पो कर्णा लावून पूर्ण वस्तीला वळसा घालून गेला होता.

“एक दार!” ताई जिन्यात ओरडली. “एका संध्याकाळी एक दार! या वेगाने आपण पुढच्या निवडणुकीला पोचू!”

“त्यांच्या मिक्सरच्या मोटारीचे कार्बन झिजलेत,” वहिनी विचारात होती. “परवा नवे घेऊन जायला हवेत.”

दुसऱ्या दिवशी ताईने वहिनीच्या पिशवीतून टेस्टर काढून स्वयंपाकघरातल्या डब्यात लपवला. वहिनीने भाजी चिरायच्या सुरीने स्क्रू काढले. तिसऱ्या दिवशी ताईने तिला दारातच दंडाला धरलं, आत जाऊ दिलं नाही. तर एका आजोबांनी रेडिओच बाहेर आणून दिला, आणि वहिनीने तो जिन्याच्या पायरीवर बसून नाण्याने उघडला. आजोबा कौतुकाने बघत होते. “देवमाणूस आहे हो,” ते ताईला म्हणाले. ताईला आजोबांचाही राग आला आणि देवाचाही.

सगळ्यात चीड येत होती ती याची, की कुणी नाही म्हणतच नव्हतं. जावं तिथे या-बसा, चहा, तोंडभरून स्तुती. ताई तर मनातल्या मनात पाघळायला लागली होती. माजींना काय कळतंय, त्यांचा जमाना गेला, असंही तिला वाटायला लागलं. एका संध्याकाळी तर ती स्वतःच म्हणाली, “ती तिसऱ्या मजल्याची इस्त्रीपण घे, होऊन जाऊ दे.”

मतदानाच्या आधीच्या रविवारी शाळेच्या मैदानात सभा झाली. बघतो बोलला, म्हणजे सगळ्या प्रश्नांना बघतो म्हणाला. मग वहिनी उभी राहिली. तिने रस्त्याचा कागद वाचला, दुकानं वाचवूनही रस्ता डाव्या बाजूला कसा वाढवता येतो ते सांगितलं, आणि घसा कोरडा पडल्यावर थांबली. टाळ्या पडल्या. मग चौथ्या मजल्याच्या मावशी उठल्या.

“वहिनी, सगळं छान बोललात. पण एक सांगा. तुम्ही निवडून आलात, तर दुकानाचं काय?”

पहिल्या ओळीतल्या माजींनी काठी वर केली आणि तोंडाने मोठ्ठा ‘उघडं राहील म्हण’ असा आकार केला. वहिनीने ते बघितलं. पण तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची खोड होती.

“एकदा ते काम घेतलं की अर्धवट करणार नाही,” ती म्हणाली. “दिवसभर नगरपालिकेत बसावं लागेल, तर बसेन. दुकान मग एखाद्या रविवारी उघडेन, जमलं तर.”

किती खरं बोलली, म्हणून ताईने सगळ्यात आधी टाळी वाजवली. तिच्या टाळीला जरा उशिराने सोबत मिळाली. माजींनी काठी खाली ठेवली आणि ते उठून घरी गेले.

निकाल लागला. वहिनी तिसरी आली. रिंगणात तिघेच होते. तिसऱ्या माणसाने केवळ हौसेने अर्ज भरला होता, आणि प्रचारात तो आपल्या मुलीकडे दुसऱ्या गावी राहायला गेला होता. तोही वहिनीच्या पुढे होता.

ताईला हे गणित सुटेना. इतके मिक्सर, इतक्या इस्त्र्या, मग मतं गेली कुठे? ती फळीवर डोक्याला हात लावून बसली होती, तेवढ्यात चौथ्या मजल्याच्या मावशी आल्या. काखेत मिक्सर, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

“सुटले बाई एकदाची!” त्या फळीवर टेकल्या. “मी तर घाबरूनच गेले होते. म्हटलं, वहिनी गेल्या खुर्चीत, तर आमचं कोण बघणार? नवा घ्यायचा म्हणजे काय खेळ आहे का? सगळ्यांना सांगितलं, अगदी जिना उतरून उतरून सांगितलं, की चुकूनसुद्धा वहिनींना मत देऊ नका. सगळ्यांनी ऐकलं हो. माणसं चांगली आहेत.”

ताई ताडकन उठली. मग तिचा आवाज फुटला तो असा, की शेजारचा किल्लीवाला धावत आला.

“मावशी! आता हे दुकान पाडतील! बघतो पाडेल! ते वाचवायला ती उभी राहिली होती, दारोदार तेच तर सांगत होतो!”

“हो ना, ते वाईटच झालं,” मावशी मनापासून म्हणाल्या. “पण दुकान पाडलं तरी वहिनी कुठे जातायत? आम्ही घरी आणून देऊ की. उलट तुम्हालाच बरं, शटर उघडायला नको.”

ताईने वहिनीकडे बघितलं. वहिनीने मिक्सर जवळ ओढला. एरवी तिचा हात आपोआप तो पालथा करायला जायचा. या वेळी गेला नाही. तिने नुसतं त्याच्याकडे बघितलं, मग मावशींकडे, मग बाहेर रस्त्यावर, जिथे कुणीतरी आधीच भिंतीवर चुन्याची रेघ मारून गेलं होतं.

“बघते,” वहिनी म्हणाली.

“कधीपर्यंत होईल?”

“बघते.”

मावशींना काय कळायचं ते कळलं की नाही कुणास ठाऊक. त्या ‘बरं’ म्हणून गेल्या. वहिनीने मिक्सर सगळ्यात वरच्या मांडणीवर ठेवला. चिठ्ठी बांधली नाही.

पुढच्या उन्हाळ्याच्या आत ओळ पडली. सामान काढताना मावशींचा मिक्सर सापडला, तो ताईने स्वतः चार मजले चढून, न उघडलेल्या अवस्थेत परत केला. वहिनीला शहराच्या पलीकडच्या टोकाला विजेच्या मोटारींच्या कारखान्यात तारा गुंडाळायचं, वायंडिंगचं काम मिळालं. पुढे ती तिथल्या विभागाची प्रमुख झाली, तिच्या हाताखाली बरीच माणसं होती आणि ती सगळ्यांना प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायची. घरी कुणी इस्त्री घेऊन आलं की मात्र तिला कामावर जायची घाई असायची. निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी ती गेली. तिने मतदान कधी चुकवलं नाही आणि मत कुणाला दिलं ते ताईलासुद्धा सांगितलं नाही.

बघतो आणखी दोनदा निवडून आला. रुंद झालेल्या रस्त्याला आता त्याचं नाव आहे, आणि त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतात, म्हणजे रस्ता होता तेवढाच उरलाय. किल्लीवाला एका जिन्याखाली बसायला लागला. घड्याळवाला मुलाकडे गेला. चौथ्या मजल्याच्या मावशींनी शेवटी नवा मिक्सर घेतला आणि त्याच्याबद्दल शेवटपर्यंत कुरकुर केली. माजींनी ‘मी सांगत होतो’ असं एकदाही म्हटलं नाही, आणि ताईला त्याचाच जास्त राग यायचा. जाण्यापूर्वी त्यांनी रंगवलेली ती खुर्ची ताईकडे पाठवून दिली.

ताई आता त्याच खुर्चीत बसते. वॉर्डात पहिल्यांदा उभं राहणारं कुणी असलं की तिच्याकडे सल्ल्याला येतं, का ते तिलाही नीट माहीत नाही. ती सगळ्यांना एकच विचारते, “तू काय काम करतोस? मग ते आधी बंद कर.” आजवर कुणी ऐकलेलं नाही.

परवा गल्लीतली मोबाइल दुरुस्त करणारी पोरगी अर्ज भरून सल्ल्याला आली होती. हुशार, बोलायला नीट. ताई सांगत होती आणि ती मान हलवत होती, आणि मान हलवता हलवता तिने टेबलावरचा ताईचा बंद पडलेला फोन उचलून मागचं झाकण काढलंसुद्धा. “आजी, चार्जिंगचा पॉइंट गेलाय, पाच मिनिटांत करून देते.”

ताईला बरं वाटलं. आठवडाभर फोन बंद होता. मनात आलं, किती गुणी पोर आहे, ही निवडून गेली तर आपलं हे सगळं कोण करणार?

आणि ताईने तिच्या हातातून फोन हिसकावून घेतला. झाकण खाली पडलं. पोरगी घाबरून बघत राहिली.

“हात जोड,” ताई म्हणाली. “जोड म्हणते ना! आणि जा इथून.”

निवडणूक पुढच्या महिन्यात आहे. फोन अजून बंदच आहे.